आठवा बार

१

मे महिना लागला, तिकडचा उन्हाळा सरला आणि वणव्याच्या भीतीनं घातलेली आगीची बंदी उठली, की कुरिंगलच्या ठासणीच्या बंदुकांना पुन्हा कंठ फुटायचा. सगळा उन्हाळा लोखंडी कपाटात तेल पिऊन पडलेल्या बंदुका रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर यायच्या, आणि पाठोपाठ त्यांचे मालक गुडघे सांभाळत गाड्यांतून उतरायचे. डार्सी क्विल एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याची लांब नळीची बंदूक म्हणजे इटलीत बनलेली, अवघी सहा वर्षांची नक्कल. "आमच्या जोडीत पुरातन वस्तू एकच आहे, आणि तिला परवाना लागत नाही," असं तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा. नवं कुणी नसलं तर जुन्यांना ऐकवायचा.

या मंडळींत मर्व टुलॉकचं काम सगळ्यांत सोपं दिसायचं. तो बंदूक चालवत नसे. गळ्यात शिट्टी अडकवून रांगेच्या मागं उभा राहायचा आणि बार मोजायचा.

आता हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. काळी दारू पेटली की असा पांढरा धूर होतो की माणसाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. सात जण शेजारीशेजारी उभे. शिट्टी झाली की ज्याचा नेम जमेल तसा तो चाप ओढणार, आणि दोन-तीन श्वासांत सगळं आटोपणार. त्या गदारोळात एखाद्याच्या बंदुकीवरची ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी नुसतीच फुटते, आतली दारू पेटत नाही, आणि शेजाऱ्याच्या धडाक्यानं त्याला वाटतं की आपलाच बार उडाला. मग तो गडी त्याच नळीत आणखी दारू ठासतो, किंवा भरलेली बंदूक आपल्यापुढच्या फळीवर ठेवून मजेत निशाणं बघायला निघतो. पहिली चूक त्याच्या स्वतःच्या तोंडावर फुटते आणि दुसरी समोर उभ्या माणसाच्या पाठीत शिरते.

आणि समोर सगळ्यांत आधी जायची ती ग्लेनिस, मर्वची बायको. पेन्सिल आणि गुणांची पाटी घेऊन ती निशाणांकडे निघायची, ती फक्त मर्वच्या दोन शब्दांवर. सात बंदुका, सात बार, की तो हात वर करून म्हणायचा, "रांग रिकामी." मग मागून सगळे आपापलं निशाण बघायला लगबगीनं जायचे. एकोणीस वर्षांत मर्व एकदाही चुकला नव्हता. कानांवर जाड झाकणं त्याच्याही असायची. तो मोजायचा छातीनं. काळ्या दारूचा दणका बरगड्यांत बसतो, तिथं तो एकेक टिपून घ्यायचा.

"घरात साखरेचा डबा कुठला ते याला चाळीस वर्षांत कळलं नाही," ग्लेनिस सांगायची, "पण बार मोजायला सांगा."

२

त्या मोसमातल्या दुसऱ्या रविवारी मर्वनं आठ मोजले.

त्यानं रांगेकडे पाहिलं. धूर हळूहळू सरकत होता आणि त्यातून एकेक टोपी, एकेक ढेरी बाहेर येत होती. सात होत्या.

"आठ," तो म्हणाला.

"आठ काय?" ज्युडिथ बार्टलेटनं विचारलं. ज्युडिथ क्लबची अध्यक्ष, आणि रांगेतल्या सातांपैकीच एक. तीस वर्षं पोस्टमास्तर होती, आणि समोरच्या माणसानं तिकीट वाकडं चिकटवलंय अशा नजरेनं ती अजूनही सगळ्यांकडे बघायची.

"बार. आठ झाले."

"रांगेत सात जण आहेत, मर्व."

"ते मलाही दिसतंय."

"कुणाला तरी एकावर एक मोफत मिळालं असेल," डार्सी म्हणाला. "मला तर नाही मिळालं बुवा."

कुणी दोनदा उडवला असेल म्हणावं, तर ठासणीची बंदूक पुन्हा भरायला हात कितीही चालाख असला तरी अर्धा मिनिट जातो. मर्वनं सगळ्यांना नळीत गज सोडायला लावला. हा जुना नियम आहे, आणि त्याला फसवता येत नाही. नळी रिकामी असली की गज तळाच्या लोखंडावर आपटून टण्ण वाजतो. आत दारू-गोळी असली तर थप्प करून मऊ पडतो. सात गज पडले, सातही टणटणले. मर्वनं हात वर केला आणि ग्लेनिस पेन्सिल कानामागं खोचून निघाली.

पुढच्या रविवारी पुन्हा आठ. या वेळी त्यानं हळूच गज तेवढे सोडून घेतले. त्याच्या पुढच्या रविवारी एकजण सर्दीनं घरी राहिला होता, रांगेत सहाच होते, आणि मर्वच्या बरगड्यांनी सात मोजले.

म्हणजे मोजण्यात गोंधळ नव्हता. आकडा दर वेळी बरोबर एकानंच जास्त येत होता.

३

मर्व हा काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा प्राणी नव्हे. सगळी हयात त्यानं पाण्याचे पंप दुरुस्त केले होते, आणि पंपातून विचित्र आवाज आला की आत कुठंतरी चकती ढिली असते, एवढं त्याचं तत्त्वज्ञान. त्यानं ढिली चकती शोधायला घेतली.

आधी त्याला वाटलं, पत्र्याच्या शेडवर आपटून आवाज परत येत असेल. एका बुधवारी डार्सीला घेऊन तो माळावर गेला आणि त्याच्याकडून बारा बार काढवून घेतले. शेडच्या पुढं उभं राहून, मागं उभं राहून, टेकडीकडे तोंड करून. बारा म्हणजे बाराच झाले.

"आवाज परत यायचा तर सगळेच यायला हवेत ना," डार्सी म्हणाला. "सातातला एकच कसा परत येईल? त्याला काय माहेरची ओढ आहे?"

मग कान. ज्युडिथनंच वेळ घेऊन ठेवली होती, न विचारता. बेंडिगो शहरातल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानांत शिट्ट्या वाजवून पाहिल्या आणि सांगितलं की कान अगदी ठणठणीत आहेत, या वयाला तर नवलच.

"मग मी बोललेलं ऐकू येत नाही ते काय असतं?" ग्लेनिसनं विचारलं.

"त्यावर आमच्याकडे औषध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दोघी पोटभर हसल्या.

 परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता मर्वनं मनातलं सांगून टाकलं. "ग्लेन, मला भीती त्या आवाजाची वाटत नाही. समज, उद्या आपल्यातल्या एकाचा बार फुसका निघाला. सहाच उडाले. आणि तो जास्तीचा त्यात मिसळला. मी मोजणार सात. मी म्हणणार रिकामी, आणि तू भरल्या नळीसमोर जाऊन उभी राहणार."

ग्लेनिसनं पाकिटातलं बिस्किट अर्धं मोडून त्याच्या हातावर ठेवलं. "म्हणून तर तू गज सोडून घेतोस. घे ना, दर वेळी घे. मला कुठं घाई आहे?"

तिला नेहमीच घाई असायची. सबंध गावात तिच्याएवढी घाईची बाई नव्हती, आणि हे आठवून मर्वनं बिस्किट तसंच परत पाकिटात ठेवलं.

४

रांगेत फळ्या आठ होत्या, पण आठव्या फळीशी कुणी उभं राहत नसे. तिथं सकाळचं ऊन नेमकं डोळ्यात यायचं. त्यामुळे सातवी फळी डार्सीची आणि त्याच्यापुढं मोकळी जागा, असंच पहिल्यापासून चालत आलेलं.

त्या रविवारी मर्व मधोमध उभा न राहता उजव्या टोकाला, डार्सीच्या मागं जाऊन थांबला. शिट्टी वाजवली. बार सुरू झाले. डावीकडचे लांबचे होते, डार्सीचा जवळचा. आणि मग एक असा बसला की मर्वच्या शर्टाची उजवी बाही हलली.

धूर ओसरल्यावर तो आठव्या फळीपाशी गेला. पहाटेचं दव फळीवर अजून तसंच होतं, थेंबाला थेंब लागून. मध्ये एका पंजाएवढी जागा मात्र कोरडी होती. आणि तिच्या शेजारी तांब्याची एक टोपी पडली होती, वाटाण्याएवढी, फुटून कडा उलटलेली. मर्वनं ती उचलली आणि लगेच दुसऱ्या हातात घेतली, कारण ती गरम होती.

"माझीच असेल," डार्सी म्हणाला. "उडून गेली असेल तिकडं."

"तुझी तुझ्या बंदुकीवरच आहे."

डार्सीनं घोडा मागं ओढून पाहिलं. त्याची टोपी जागच्या जागी होती. त्यानं ती काढली, खिशात घातली आणि बराच वेळ बंदुकीचा दस्ता पुसत बसला. त्याला विनोद सुचला नाही असं मर्वनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

चहाच्या वेळी ज्युडिथ येऊन मर्वच्या शेजारी बसली. पाव, सॉसेज, वर परतलेला कांदा, असा सगळा सरंजाम तिनं मांडीवर नीट ठेवला आणि मगच बोलायला सुरुवात केली.

"पुढच्या रविवारी गावचा वार्षिक दिवस आहे. दोराच्या मागं बघायला शंभर लोक असतील, पोरंबाळं असतील. तू आठ म्हणालास तर मला ते चालणार नाही, मर्व. क्लब बंद करतील. आठ ऐकू येणार असतील तर शिट्टी आधीच माझ्याकडे देऊन टाक."

"आणि तू मोजशील?"

"मी बघीन. मला डोळे आहेत."

धुरात डोळ्यांनी काही दिसत नसतं, हे मर्वला ठाऊक होतं. शिट्टी त्यानं दिली नाही. त्याच्या हातातून ती गेली, की ग्लेनिस ज्युडिथच्या शब्दावर समोर जाणार होती, आणि ते त्याच्यानं बघवलं नसतं.

५

गावच्या दिवशी रात्रभराची भुरभुर सकाळी थांबली होती. गवत ओलं, हवा जड. असल्या हवेत दारू दमट होते आणि फुसके बार निघतात, म्हणून सगळ्यांनी टोप्यांच्या डब्या खिशात उबेला ठेवल्या होत्या. दोरामागं गाव जमलं होतं. कुणाच्या हातात सॉसेजचा पाव होता, कुणाच्या कडेवर पोर. मॅगपाय पक्षी तारेवर बसून सगळ्यांना नावं ठेवत होते. ग्लेनिसनं नवी पेन्सिल आणली होती आणि तिचं टोक ती परत परत तपासत होती.

सात जण उभे राहिले. दारू ओतली, गोळी ठासली, टोप्या बसवल्या. मर्वनं शिट्टी वाजवली.

एक. दोन, तीन. चार. पाच, सहा. मग जरा वेळानं डार्सीचा, सावकाश, नेम धरून. सात.

मर्व थांबला. छाती अगदी ताणून थांबला. धूर जड हवेत गवतावर लोळत राहिला, एक पोर रडायला लागलं, तारेवरचे पक्षी उडून परत येऊन बसले. आणखी काही झालं नाही.

"सात," तो म्हणाला.

कानांवरची झाकणं उतरली. "किती?" ज्युडिथनं विचारलं.

"सात!" मर्व ओरडला, आणि त्याला इतका आनंद झाला की तो जवळजवळ नाचला. रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डार्सीनं टोपी काढून त्याला वाकून नमस्कार केला. दोरामागच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. सात बंदुकांचे सात बार झाले यात एवढं काय आहे, हे त्यांना कळलं नसावं.

पण हात वर करायच्या आधी त्याला गाडीतलं आपलंच बोलणं आठवलं. सहा आणि एक सात. असल्या दमट हवेत तर तसंच व्हायचं.

"गज सोडा," तो म्हणाला.

"अरे बाबा, लोक ताटकळलेत," ज्युडिथ म्हणाली.

"सोडा तुम्ही."

डावीकडून सुरुवात झाली. टण्ण. टण्ण. प्रत्येक वेळी मर्व त्या बंदुकीजवळ जाऊन कान लावून ऐकत होता. ज्युडिथनं स्वतःचा गज जरा रागानंच सोडला, तोही टण्ण. शेवटी डार्सीचा. टण्ण. सातही रिकाम्या.

"सात बार, सात गज," ज्युडिथ म्हणाली. "आता देवाची पण सही हवी का?" आणि तिनं ग्लेनिसला हात केला. "जा गं बाई, जा तू."

ग्लेनिस दोराखालून वाकून निघालीसुद्धा.

६

मर्वनं हात वर नेला होता. दोन शब्द ओठांवर आले होते. ढिली चकती शोधायची सवय असलेलं त्याचं डोकं मात्र आपलं मोजतच होतं.

आपल्या सात बंदुका उडाल्या. म्हणजे ऐकलेले सातही बार आपले. म्हणजे आज तो जास्तीचा उडाला नाही.

उडाला नाही, याचा अर्थ तो अजून नळीत आहे.

त्यानं उजवीकडे पाहिलं. सगळ्या रांगेवरचा धूर आता निवळला होता. आठव्या फळीपाशी तेवढा उरला होता, माणसाच्या उंचीएवढा, आणि वारा असूनही तो हलत नव्हता. ग्लेनिस वीस पावलं पुढं गेली होती. तिची पाठ त्या फळीच्या अगदी नाकासमोर होती.

मर्वनं तीन शिट्ट्या दिल्या. तीन शिट्ट्या म्हणजे असेल तिथं खाली बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. एकोणीस वर्षांत त्या कधी वाजल्या नव्हत्या.

"काय रे?" ग्लेनिसनं वळून विचारलं.

"खाली बस."

"ओलं आहे सगळं."

"ग्लेन, तुझ्या पाया पडतो, बस खाली."

तो आवाज तिनं लग्नाच्या चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ती गुडघ्यांना शिव्या घालत बसली, आणि मग गवतात आडवी झाली. दोरामागं कुणीतरी हसलं. ज्युडिथ ताडताड चालत मर्वकडे आली, हात पुढं करून, शिट्टीसाठी.

"एक मिनिट," मर्व म्हणाला. "फुसक्या बाराला एक मिनिट थांबतात. नियम आहे."

"कुणाचा फुसका बार? सगळ्या रिकाम्या आहेत."

 मर्व आठव्या फळीकडे तोंड करून उभा राहिला, आणि कुठल्याही नवख्या नेमबाजाशी बोलावं तशा समजुतीच्या सुरात म्हणाला, "गड्या, तुझा बार राहिलाय. नळी समोरच ठेव. वर उचल जरा. हां. थांब आता."

लोकांत कुजबुज झाली. एक बाई पोराला घेऊन मागं सरकली. डार्सी सातव्या फळीशी उभा होता. तो मान न वळवता, पाय घासत घासत डावीकडे सरकला. मर्व घड्याळाकडे बघत राहिला. चाळीस सेकंद झाले. पन्नास. ज्युडिथचं बोट शिट्टीच्या दोरीला लागलं.

आणि आठवा बार उडाला.

या वेळी कुणाच्या कानांवर झाकणं नव्हती. तारेवरचे पक्षी फडफडून उडाले, दोरामागच्या शंभर माणसांनी एकदम खांदे आक्रसले, आणि पलीकडच्या मातीच्या बांधात काहीतरी थप्प करून शिरलं. ग्लेनिस पडली होती तिच्या बरोबर वरून. ज्युडिथचा हात तसाच हवेत राहिला. मर्वला आधी वाटला तो निव्वळ आनंद. बायको जिवंत होती, आणि त्याचे कान त्याच्याशी खोटं बोलले नव्हते.

आठव्या फळीपाशी नवा धूर उठला होता, आणि त्यात एक कोपर वर गेलं, खाली आलं. बस, एवढंच दिसलं. बाही मळकी होती. मग नळीत गज पडल्याचा आवाज झाला, स्वच्छ, लांबपर्यंत ऐकू जाईल असा. टण्ण.

त्याचा बार झाला होता. त्यानं गजही सोडून दाखवला होता, नियमाप्रमाणे. मर्वचा हात एकोणीस वर्षांच्या सवयीनं आपोआप वर गेला.

"रांग रिकामी," तो म्हणाला.

बोलला आणि त्याला कळलं की आपण काय बोललो. या शब्दांनंतर काय होतं ते तोच दर रविवारी बघत होता. जो तो आपलं निशाण बघायला निघतो.

रांगेतलं कुणी हललं नाही. ज्युडिथ त्याच्या शेजारी आणि बाकीचे सहा जण फळ्यांपाशी खिळून उभे होते, मर्वनं एकेकाला नजरेनं मोजलं. ओल्या गवतात मात्र एक वाट पडत चालली होती, आठव्या फळीपासून सुरू होऊन सरळ समोर, पात्यांवरचं पाणी झाडत, काही घाई नसल्यासारखी.

 तीन शिट्ट्या द्यायला मर्वनं शिट्टी तोंडाशी नेली, तर ओठ जुळेनात.

तिकडे ग्लेनिस उठून उभी राहिली होती. तिनं स्कर्टवरची ओली पाती झटकली, पाटी सावरली, आणि वळून आठव्या फळीकडे पाहिलं. गवतातली वाट तिच्यासमोर दोन हातांवर येऊन थांबली.

"काय मेलं भिजवलंन मला," ती हसत म्हणाली. "या, तुमचंच आधी बघू. नवीन दिसताय. नाव काय तुमचं?"

तिनं जरा मान पुढं करून ऐकलं. मग होकारार्थी मान हलवली, पेन्सिल कानामागून काढली आणि लिहायला लागली.